प्रतिध्वनींचे वाचन

गेली सतरा वर्षे मी रोज माणसांची हृदये पाहते. हे विधान वाङ्मयीन अर्थाने घेऊ नये. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधील एका खाजगी रुग्णालयात ‘टूडी इको’ची एक अरुंद, थंडगार आणि बहुतेक वेळ अंधारी ठेवलेली खोली आहे, तिथे मी तंत्रज्ञ म्हणून काम करते. दिवसाकाठी पंधरा-वीस हृदये आणि चार-पाच जणांच्या मानेच्या वा पायांच्या रक्तवाहिन्या, असा साधारण हिशेब असतो. रुग्ण डाव्या कुशीवर वळतो, डावा हात उशाशी घेतो. मी त्याच्या छातीवर जेल लावते आणि मुठीत मावेल एवढा ‘प्रोब’ बरगड्यांच्या फटीत टेकवते. पुढची वीसेक मिनिटे त्याचे हृदय माझ्यासमोरच्या पडद्यावर करड्या रंगात उघडझाप करत राहते. डॉक्टर नंतर येतात, मी साठवलेली चित्रे आणि घेतलेली मापे तपासतात, गरज वाटल्यास स्वतः प्रोब हाती घेतात आणि अहवालावर सही करतात.

नोकरी करता करता बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून मी मराठीत एम.ए. केले. बदलापूर ते विठ्ठलवाडी या लोकलच्या प्रवासात जेवढे वाचून झाले तेवढ्यावर परीक्षा दिल्या. त्यामुळे दोन प्रकारची वाचने अनेक वर्षे एकमेकांच्या शेजारी चालू राहिली: एक कागदावरचे, दुसरे पडद्यावरचे. या लेखाचा विषय तो शेजार आहे. नेमके सांगायचे तर एक प्रश्न आहे. जे आपल्याला सर्वांच्या आधी दिसते ते सांगण्याचा अधिकार आपल्याला नसेल, तर भाषेचे काय करायचे?

आधी, आम्हाला दिसते म्हणजे काय होते ते सांगितले पाहिजे. ‘छातीचा फोटो काढायचाय’ असे म्हणत पुष्कळ जण खोलीत येतात. पण हे यंत्र फोटो काढत नाही. ते हाक देते आणि ऐकते. प्रोबमधील स्फटिक सेकंदाला वीस ते पन्नास लाख वेळा कंप पावतात. माणसाच्या कानाची मर्यादा वीस हजारांवर संपते, म्हणून ही हाक आपल्याला ऐकू येत नाही. शरीराच्या मऊ भागांतून हा ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. पंधरा सेंटिमीटर खोलीवरच्या भिंतीला आपटून परत यायला त्याला सेकंदाचा सुमारे पाचहजारावा भाग लागतो. परतीला किती वेळ लागला त्यावरून अंतर ठरते आणि किती जोराने आला त्यावरून ठिपका किती उजळ दाखवायचा ते ठरते. झडपा पांढऱ्या दिसतात, स्नायू करडा दिसतो, आणि रक्त जवळजवळ काहीच परत पाठवत नसल्यामुळे काळे दिसते. म्हणजे पडद्यावर हृदय नसते. हृदयाकडून परत आलेल्या आवाजांवरून बांधलेले अनुमान असते.

शिवाय हा ध्वनी हाडातून आणि हवेतून नीट जात नाही. हृदय तर नेमके बरगड्यांच्या मागे आणि फुप्फुसांच्या कुशीत दडलेले. म्हणून आम्हाला मोजक्या चार-पाच जागांवरूनच आत डोकावता येते. त्या जागांना आमच्या भाषेत ‘विंडो’ म्हणतात. “श्वास सोडा, आता थांबा, घ्या” हे माझे दिवसभराचे पालुपद आहे. श्वास सोडला की फुप्फुस किंचित सरकते आणि क्षणभर फट मोकळी होते. तेवढ्यात जे पाहायचे ते पाहून घ्यावे लागते.

या विद्येचा जन्म ज्या प्रसंगातून झाला तो मला फार बोलका वाटतो. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. ज्या रुग्णांच्या हृदयाची द्विदल झडप अरुंद झाली आहे, त्यांची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी झडपेची नेमकी अवस्था कशी समजून घ्यावी, ही त्यांची अडचण. त्यांची गाठ कार्ल हेल्मुथ हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाशी पडली. मालमोच्या जहाजबांधणी कारखान्यात धातूच्या पत्र्यांतील भेगा शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे एक यंत्र वापरत असत. ते यंत्र हर्ट्झ यांनी उसने आणून स्वतःच्या छातीवर लावून पाहिले. पुढे तसेच एक यंत्र मिळवून २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी हृदयाच्या हालचालींची पहिली नोंद घेतली. यातला पुढचा तपशील साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा असा आहे. झडप अरुंद झालेल्या रुग्णांत एक ठळक प्रतिध्वनी वेगळ्या चालीने हलताना दिसे. एड्लर यांना तो आरंभी अलिंदाच्या भिंतीचा वाटला. काही वर्षांच्या अभ्यासानंतर लक्षात आले की तो झडपेच्या पाकळीचाच होता. खूण अचूक हाती आली होती, तिचा अर्थ मात्र मागाहून कळला.

अशा खुणा रोजच फसवतात. दोन चकचकीत पृष्ठभागांमध्ये ध्वनी पुन्हा पुन्हा आपटला की नसलेली रेघ पडद्यावर उमटते. कॅल्शियम साचलेल्या झडपेमागे सावली पडते आणि त्या सावलीत काय आहे ते कळत नाही. प्रोब थोडा तिरका धरला तर निरोगी निलय आखूड आणि गोलसर दिसतो, त्याचे आकुंचन असते त्याहून जोरदार वाटते. म्हणून आमच्या शिक्षणातला पहिला धडा असा की एकाच जागेवरून दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही. गाठ दिसली तर दुसऱ्या विंडोतून पाहायची. तिथे ती राहिली तर ती गाठ. नाहीशी झाली तर तो यंत्राचा भास. मला पुष्कळदा वाटते की एका उताऱ्यावरून अख्ख्या कादंबरीचे निदान करणाऱ्या समीक्षेला हा नियम लावून पाहायला हरकत नाही.

आता खोलीबाहेर बसलेल्या माणसांकडे वळते. उल्हासनगर हे शहर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत वसले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथे ठेवण्यात आले. १९४९ साली त्या ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले, आणि तरीही आजतागायत इथला माणूस पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प तीन असेच सांगतो. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पाच लाखांवर होती आणि क्षेत्रफळ जेमतेम तेरा-चौदा चौरस किलोमीटर. बाकावर सिंधी आजोबांशेजारी जीन्स शिवणारा उत्तर प्रदेशातला कारागीर बसलेला असतो, त्याच्यापलीकडे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले काका, आणि त्यांच्याजवळ बदलापूरच्या पलीकडच्या आगरी गावातली किंवा ठाकरवाडीतली बाई. फर्निचर बाजारातला सुतार दमतो तेव्हा “छाती भरून येते” म्हणतो. आगरी मावशी “जीव घाबरा होतो” म्हणतात. सिंधी अम्मा “साहु मुंझे थो” म्हणतात. साहु म्हणजे श्वास, आणि तो कोंडल्यासारखा होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर या तिन्ही वाक्यांचे मिळून एकच इंग्रजी अक्षरसमूह होतो: डीओई. श्रम केल्यावर लागणारा दम.

हृदयाच्या बाबतीत आपल्या भाषेचा मुळापासूनच गोंधळ आहे, आणि तो मला लोभस वाटतो. आपण दुःखात काळीज फाटले म्हणतो. पण संस्कृतात कालेय म्हणजे यकृत, आणि मटणाच्या दुकानातली कलेजी हे काळजाचे सख्खे भावंड आहे. फारसीतून आलेले जिगर तेही यकृतच. म्हणजे ज्या अवयवाने आपण इतकी शतके माया केली, धाडस केले, तो माझ्या पडद्यावर उजवीकडे खाली, हृदयाच्या शेजारी स्वस्थ पडलेला असतो. पोटाच्या वरच्या बाजूने पाहताना हृदय दिसते तेच मुळी यकृतातून. अशा वेळी काळजातून हृदय पाहते आहे असे मनात येऊन जाते.

शास्त्रीय परिभाषेने तर याहून सुंदर काम केले आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना आपल्याकडे अलिंद म्हणतात आणि खालच्यांना निलय. अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी, निलय म्हणजे घर. लॅटिनमध्येही वरच्या कप्प्याचे नाव रोमन घराच्या दर्शनी दालनावरूनच पडले आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत याच कप्प्यांना कर्णिका आणि जवनिका असे शब्द होते. कर्णिकेत कान आहे, आणि जवनिका म्हणजे संस्कृत नाटकातला पडदा. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरात पायऱ्या उतरून ज्या जागी जावे लागते तिला आपण गर्भगृह म्हणतो. तिथे शरीराचा शब्द इमारतीला दिला. हृदयात इमारतीचे शब्द शरीराला दिले. दोन कप्प्यांमधल्या भिंतीलाही आम्ही बोलताना पडदाच म्हणतो. “पडद्याला भोक आहे” असे लहान मुलाच्या आईला डॉक्टर सांगतात. या गावातल्या म्हाताऱ्यांना तो शब्द समजावून द्यावा लागत नाही. एका बराकीत अनेक कुटुंबे, आणि मध्ये टांगलेली चादर किंवा गोणपाट, यांत त्यांचे बालपण गेले आहे.

पडद्यावरच्या रंगांविषयीही असाच एक गैरसमज आहे. रक्ताचा प्रवाह पाहण्यासाठी रंगीत डॉपलर लावला की लाल-निळ्या ज्वाळा उसळतात, आणि रुग्णासोबत आलेला शाळकरी नातू हमखास सांगतो, “लाल म्हणजे शुद्ध रक्त, निळं म्हणजे अशुद्ध.” तसे नसते. प्रोबच्या दिशेने येणारे रक्त लाल आणि दूर जाणारे निळे, एवढाच संकेत आहे. यामागचे तत्त्व ख्रिस्तियन डॉपलर यांनी १८४२ साली प्रागमध्ये मांडले ते ताऱ्यांच्या रंगांसंबंधी होते. १८४५ साली नेदरलँड्समध्ये बाइस बालॉट यांनी आगगाडीत तुतारी वाजवणारे बसवून आणि रुळांशेजारी संगीताचा कान असलेली माणसे उभी करून ते ध्वनीच्या बाबतीत पडताळले. संध्याकाळी बदलापूरच्या फलाटावर उभे राहिले तर हा प्रयोग फुकट पाहायला मिळतो. न थांबता पुण्याकडे जाणाऱ्या डेक्कन क्वीनचा भोंगा जवळ येताना चढा असतो आणि आपल्याला ओलांडताच एकदम उतरतो. गाडीचा भोंगा बदललेला नसतो. तिचे आपल्याशी असलेले नाते बदललेले असते. रक्तातल्या तांबड्या पेशींवरून परतणाऱ्या ध्वनीतला तोच फरक मोजून आम्ही रक्ताचा वेग काढतो. त्या वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणले की अरुंद झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक मिळतो. वेग सेकंदाला चार मीटर असेल तर चौसष्ट. एके काळी यासाठी रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयापर्यंत पोहोचावे लागे.

हा फरक कानांनाही ऐकू येण्याजोगा असतो. मी आवाज थोडा मोठा केला की खोलीभर हुंकारासारखा, दम टाकल्यासारखा नाद घुमतो. मध्यंतरी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ आले होते. पाच वर्षांचे असताना कराचीहून बोटीने मुंबईला आले, पुढचे सारे आयुष्य कॅम्प दोनमध्ये शिवणकामाच्या धंद्यात गेले. त्यांची महाधमनीची झडप कॅल्शियमने चुन्यासारखी कडक झाली होती. तो खरखरीत आवाज ऐकून ते म्हणाले, “बेटा, ये तो मेरी पुरानी मशीन है. तेल माँग रही है.” मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. हसण्याच्या आडून त्यांनी प्रश्न विचारला होता, आणि ते दोघांनाही ठाऊक होते.

इथे मी मूळ मुद्द्यापाशी येते. परीक्षा चालू असताना जवळजवळ प्रत्येक माणूस माझ्या चेहऱ्याकडे पाहत असतो. पडदा त्याला वाचता येत नाही, म्हणून तो मला वाचतो. माझा हात एका जागी जरा जास्त रेंगाळला, मी एकच माप तीनदा घेतले, भुवई हलली, की त्याचा अर्थ लावला जातो. आणि नियम असा की निदान डॉक्टरांनी सांगायचे. हा नियम योग्य आहे, असे माझे मत आहे. मला चित्र माहीत असते. त्या माणसाचा रक्तदाब, कार्डिओग्राम, औषधे, जुने आजार हे सारे एकत्र ठेवून अर्थ लावण्याची जबाबदारी माझी नाही. अर्धवट संदर्भावर उच्चारलेला एक शब्द घरी पोहोचेपर्यंत मृत्युलेख होऊ शकतो. पण नियम योग्य असला तरी त्याने ती वीस मिनिटे सोपी होत नाहीत. “सगळं ठीक आहे ना, ताई?” या प्रश्नाला “हो” म्हणणे कधी कधी खोटे असते, “नाही” म्हणणे माझ्या अधिकारात नसते, आणि गप्प राहिले तर तेच उत्तर समजले जाते.

माझ्या खोलीत आणखीही एक मौन आहे, ते कायद्याने लादलेले. भिंतीवर पाटी आहे: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. माझे यंत्र हृदयासाठी असले तरी ते अल्ट्रासाउंडचेच, म्हणून त्याची नोंदणी आणि ही पाटी आवश्यक. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केला तो महाराष्ट्राने; केंद्राचा कायदा १९९४ चा. या मौनाबद्दल माझ्या मनात कधीच संदेह नव्हता. जे सांगितल्याने एक जीव जाऊ शकतो ते न सांगणे हेच कर्तव्य आहे. दुसरे मौन मात्र तसे सरळ नाही, आणि एकदा ही दोन्ही मौने एकाच बाकावर येऊन बसली.

बदलापूरच्या पलीकडच्या एका वाडीतली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. सहावा महिना. पाण्याची कळशी उचलली की धाप लागे, रात्री उताणे झोपता येत नसे. घरच्यांना ते गरोदरपणाचेच वाटले होते. तपासणीच्या वेळी एका डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि इकडे पाठवले. सोबत सासू. तिने पाटीकडे पाहिले, मला वाचता येत नाही असा आविर्भाव केला आणि हळूच विचारले, “बाय, पोरगा हाय का?” मी म्हटले, “आजी, हे मशीन फक्त आईचं काळीज बघतं.” त्या उत्तरावर ती गप्प झाली. मुलगी मात्र पहिल्यांदाच हसली.

मग चित्र उघडले. द्विदल झडपेची पुढची पाकळी हॉकीच्या काठीसारखी वाकलेली होती. आमच्या पुस्तकांत हीच उपमा आहे. आडव्या छेदात झडपेचे तोंड माशाच्या तोंडासारखे दिसत होते. निरोगी माणसात हे तोंड उघडल्यावर चार ते सहा चौरस सेंटिमीटर भरते. तिचे एक चौरस सेंटिमीटरच्या आसपास होते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. गरोदरपणात शरीरातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, आणि ते सगळे या बटणातून जायचे. डावे अलिंद फुगले होते. पुढे वाट नाही म्हणून माणसे ओसरीतच दाटून बसावीत तसे. मी तिला बोलता बोलता विचारले, लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का. म्हणाली, “सातवीत असताना. गुडघे लई सुजले. तवा शाळा सुटली ती सुटलीच.”

संधिवाताच्या त्या तापाची सुरुवात घशाच्या साध्या जंतुसंसर्गाने होते. कोंदट घर, दाटीवाटी, वेळेवर न मिळालेले औषध, यांवर तो पोसतो. सांधे काही आठवड्यांत बरे होतात आणि सारे विसरतात. झडप विसरत नाही. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घेतले तर पुढचे नुकसान टळते. स्वीडनमध्ये एड्लर ज्या आजाराचा पाठलाग करत होते तो हाच. तिथल्या खोल्या मोठ्या झाल्या, औषधे आली, आणि आजार पाठ्यपुस्तकात गेला. आमच्याकडे तो विठ्ठलवाडीला लोकलमधून उतरून चालत येतो.

“बरं हाय ना, ताई?” तिने विचारले. मी म्हटले, “तुझा दम खरा आहे. तू उगीच तक्रार करत नव्हतीस. आता डॉक्टरसाहेब स्वतः बघतील आणि काय करायचं ते सांगतील. ते सांगेपर्यंत मी इथेच आहे.” या चार वाक्यांत निदान नव्हते आणि खोटेपणाही नव्हता. ती वाक्ये सहज सुचलेली नाहीत; अनेक वर्षांत, अनेक चेहऱ्यांसमोर, शब्द टाकत-गाळत ती तयार झाली आहेत. सासूच्या तोंडावरचा भाव मात्र ‘तुझा दम खरा आहे’ या वाक्याशी बदलला, हे मी पाहिले. घरात जे नाटक समजले जात होते त्याला कुणीतरी परक्याने पुरावा दिला होता. औषधे देऊन तिला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले गेले. बाळंतपण तिथेच झाले, पुढे फुग्याने झडप रुंद करून मिळाली. १९८२ साली जपानमध्ये इनोए यांनी प्रथम केलेला हा उपचार आता आपल्याकडे अगदी सरावाचा झाला आहे. वर्षभराने ती तपासणीला आली तेव्हा कडेवर मुलगी होती. झडप पूर्ववत झालेली नाही, होणारही नाही. पण ती आता कळशी उचलते.

रक्तवाहिन्यांच्या तपासणीत हे मौन जरा सैल होते, कारण तिथे हाताला काम जास्त असते. पायातल्या खोल शिरेत गुठळी आहे का हे पाहताना आम्ही प्रोबने शीर दाबतो. निरोगी शीर मिटते. गुठळी असेल तर मिटत नाही. इतकी साधी परीक्षा, पण मांडीपासून घोट्यापर्यंत बोटभर बोटभर सरकत करावी लागते. दिवसभर उभे राहून काम करणारे हलवाई, शिलाई कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या बाया, यांच्या पायांवर फुगलेल्या शिरांची जाळी असते. विडी ओढणाऱ्या माणसाच्या पायाच्या बोटांपर्यंत रक्त पोहोचत नाही, आणि तो सांगतो ते चालताना पोटरी धरते एवढेच. पाय पाहताना माणसे कामाविषयी बोलतात, हृदय पाहताना बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आमच्या स्वतःच्या शरीरावरही कामाची नोंद होतच असते: रुग्णावरून हात लांबवून, प्रोब दाबून धरून उजवा खांदा आणि मनगट जाते. जगभरच्या पाहण्यांत या व्यवसायातल्या बहुसंख्य माणसांनी हेच दुखणे सांगितले आहे.

शेवटी अहवालाबद्दल. आमचा अहवाल इंग्रजीत असतो आणि त्यातला मोठा भाग नकारांचा असतो: गुठळी नाही, झडपेवर जंतूंची वाढ नाही, आवरणात पाणी नाही, भिंतींच्या हालचालीत दोष नाही. नेति नेति करत हा मजकूर निरोगीपणापर्यंत पोहोचतो. ज्याच्यासाठी तो लिहिला त्याला तो वाचता येत नाही. नातवाला वाचता येतो, पण समजत नाही. आणि तो मोबाइलमध्ये एकेक शब्द घालून पाहतो. साठीपुढच्या कितीतरी लोकांच्या अहवालात ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’ असते. डिसफंक्शनचा अर्थ बिघाड असा निघतो, आणि चांगले चालते-बोलते घर रात्रभर जागे राहते.

काही वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांपुढे मी एक सूचना ठेवली आणि त्यांनी ती मान्य केली. अहवालाच्या तळाशी तीन ओळी रुग्णाच्या भाषेत असाव्यात. मजकूर मी लिहावा, त्यांनी तपासावा, दुरुस्त करावा आणि सही करावी. मराठी माणसाला मराठीत, बाकीच्यांना हिंदीत. सिंधी आम्हाला लिहिता येत नाही, ते वाचूनच दाखवावे लागते. त्या डिसफंक्शनसाठी आम्ही लिहितो: “वयानुसार हृदयाचा स्नायू थोडा ताठर झाला आहे. आकुंचन चांगले आहे. सैल व्हायला मात्र तो जास्त वेळ घेतो. रक्तदाब आटोक्यात ठेवावा.” हे लिहीपर्यंत माझ्याही ध्यानात आले नव्हते की हृदय सैल होण्यात आधी कमी पडते, आकुंचनात बहुधा नंतर. ‘सिव्हिअर’साठी गंभीर की तीव्र यावर आमचा बराच वाद झाला. गंभीर हा शब्द माणसाला लागतो, तीव्र हा आजाराला लागतो, म्हणून तीव्र ठेवला. ‘ट्रिव्हिअल’साठी ‘नगण्य’ लिहिले होते. एका आजींनी त्याचा अर्थ विचारला, तेव्हापासून ‘लक्ष देण्याइतके नाही’ असे लिहितो. या तीन ओळींखाली माझे नाव नसते आणि असण्याचे कारणही नाही. पण दिवसभरात पडद्यावर जे दिसले त्यातले काही, डॉक्टरांच्या सहीच्या आधाराने का होईना, ज्याचे त्याला पोहोचते.

एक शब्द अजून अडला आहे. प्रत्येक ठोक्याला निलयातले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते त्या मापाला ईएफ म्हणतात. पंचावन्न ते सत्तर म्हणजे उत्तम. परिभाषाकोशाच्या वळणाने त्यासाठी शब्द घडवता येतो, मी चार घडवूनही पाहिले. कोणताही लिहिला तरी खोलीबाहेर गेल्यावर माणसे एकमेकांना विचारतात ते वेगळेच: “तुमचं पंपिंग किती?” साठ असले तर सांगणाऱ्याचा आवाज मोठा असतो, तीस असले तर हळू. तूर्तास आम्हीही ‘पंपिंग’ असेच लिहितो.